मोठ्या तळ्याकाठी फिरा, छोट्या तळ्याकाठी राहा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर लगेच सांगता येईल. डेट्रॉइटजवळची दोन कुटुंबं, चार मोठी माणसं, पाच, आठ आणि अकरा वर्षांची तीन मुलं, शिवाय पुण्याहून आलेले आजी-आजोबा. ४ जुलैला जोडून चार दिवस काढायचे, मिशिगनच्या अपर पेनिन्सुलातल्या, म्हणजे उत्तरेकडच्या द्वीपकल्पातल्या, हायवाथा नॅशनल फॉरेस्टमध्ये जायचं आणि ‘अगदी लेक सुपीरिअरच्या काठावर’ तंबू टाकायचा. तंबूचा अनुभव एका रात्रीचा, तोही घरामागच्या अंगणातला. आणि विचारलंय एवढंच, की सगळ्यात चांगलं कॅम्पग्राउंड कुठलं.

कॅम्पग्राउंडचं नाव सांगायला मला अर्धं मिनिट पुरेल, पण तुमची अडचण ती नाहीच. पाच वर्षांचं मूल आणि सत्तरीकडे झुकलेले गुडघे एकाच काठावर, एकाच तंबूत, वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या आठवड्यात कसे सामावणार, हा खरा प्रश्न आहे. मी मिशिगनमध्ये एकवीस वर्षं आहे आणि त्यातली पंधरा-सोळा वर्षं दर उन्हाळ्यात ओळखीच्या मराठी घरांना घेऊन मॅकिनॉ पुलापलीकडे, म्हणजे अपर पेनिन्सुलात, जाते. जे लिहितेय ते त्या फेऱ्यांमधून, आणि त्यातल्या फजितीमधून जास्त.

आधी एक घोळ निस्तरू. नॅशनल फॉरेस्ट म्हणजे नॅशनल पार्क नव्हे. फॉरेस्ट हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असतं, पार्क गृहखात्यासारखं नाव असलेल्या पण कामाने वेगळ्या अशा इंटिरिअर खात्याकडे. पार्कमध्ये तुम्ही पाहुणे असता. दारावर चौकी, नकाशा हातात देणारा रेंजर, दुकान, सगळं असतं. फॉरेस्टमध्ये दारच नसतं. लाकूडतोड चालते, हंगामात शिकार चालते, लाकडाने लादलेले ट्रक समोरून येतात, आणि तुमचं तुम्ही बघायचं असतं. हायवाथा १९३१ साली जाहीर झालं, सुमारे नऊ लाख एकर आहे, आणि सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरन अशा तीन महातळ्यांना टेकतं. शिवाय ते सलग नाही. मुनिसिंग गावाच्या बाजूचा पश्चिमेचा तुकडा वेगळा, सेंट इग्नसच्या बाजूचा पूर्वेचा वेगळा, आणि मध्ये गाडीचे दोनेक तास. त्यामुळे ‘हायवाथाला जाऊ’ म्हणणं म्हणजे ‘कोकणात जाऊ’ म्हणण्यासारखं आहे. कोकणात कुठे, ते ठरलं की मग पुढचं.

तुमच्या मंडळींसाठी मी डोळे झाकून मुनिसिंगची बाजू सांगेन. कारण तिथे एका तासाच्या परिघात सगळं आहे: तळी, धबधबे, बोट, दवाखाना, किराणा. आणि शेजारीच पिक्चर्ड रॉक्सचा रंगीत कड्यांचा किनारा आहे. तो मात्र फॉरेस्टचा भाग नाही, नॅशनल पार्क सर्व्हिसचा आहे आणि २०२२ पासून तिथे प्रवेशशुल्क आहे. वाटेतली काही ठिकाणं राज्य सरकारची आहेत, त्यांना तुमच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ‘पी’चा टॅब, म्हणजे राज्याच्या उद्यानांचा पास, लागतो. कोणाच्या जमिनीवर उभे आहोत हे कळलं की कुत्रा चालेल का, शेकोटी चालेल का, पैसे कुठे भरायचे, याची उत्तरं आपोआप मिळतात.

आता तारखा. ४ जुलै सोडा. गर्दी हे एक कारण, पण मोठं कारण डासांचं. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत तिकडे ब्लॅक फ्लाय नावाची बारीक काळी माशी असते, ती केसांच्या कडेला चावते आणि मुलांचे कान सुजतात. ती संपता संपता डासांचा बहर असतो. तो जुलै पुढे सरकेल तसा ओसरतो. ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा मिळत असेल तर तो घ्या. तळ्यांचं पाणी वर्षातलं सगळ्यात ऊबदार असतं, वाळूतल्या पाइनच्या रानात ब्लूबेरी सापडते, संध्याकाळ पावणेनऊ-नऊपर्यंत रेंगाळते, आणि १२-१३ ऑगस्टच्या सुमाराला आकाश निरभ्र असलं तर पर्सीड उल्कांचा वर्षाव दिसतो. आजी-आजोबांचं परतीचं तिकीट त्याआधीचं असेल तर जुलैचा शेवटचा आठवडा. तोही अडत असेल तर ४ जुलैलाच जा, पण प्रत्येकाला डोक्यावरून घ्यायची जाळी घेऊन जा. ती दिसते बावळट. पहिल्या संध्याकाळनंतर कोणी हसत नाही.

आणि रविवार ते गुरुवार जा, शुक्रवार ते सोमवार नको. आरक्षणाच्या सरकारी संकेतस्थळावर जागा साधारण सहा महिने आधी खुल्या होतात. शुक्रवार-शनिवारच्या तेव्हाच उडतात, मधल्या वारांच्या बऱ्याचदा उरतात. काही जागा ‘जो आधी येईल त्याची’ अशाही असतात. मुलं-म्हातारी माणसं गाडीत घेऊन, साडेसहा-सात तास चालवून, त्या भरवशावर जाऊ नका. तुम्ही नऊ जण आहात. एका जागेवर साधारण आठ माणसांपर्यंतच परवानगी असते, तेव्हा शेजारशेजारच्या दोन जागा लागतील. त्यांचे आकडे नकाशात बघून घ्या, नुसतं ‘उपलब्ध’ बघून नको. एकदा आमच्या दोन जागा कॅम्पग्राउंडच्या दोन टोकांना निघाल्या आणि चार दिवस एक माणूस सारखा आमटीचं पातेलं घेऊन फिरत होता.

आता मूळ मुद्द्याकडे येते. सुपीरिअरच्या काठावर राहू नका. आजकाल फोटो बघून सगळ्यांना तेच हवं असतं, मलाही हवं होतं. पहिल्या वर्षी आम्ही हट्टाने थेट त्या काठावरची जागा घेतली. संध्याकाळी स्वर्ग होता. सूर्य पाण्यात गेला, मुलांनी गारगोट्या गोळा केल्या, डाळ-भात झाला. रात्री दोनच्या सुमाराला वारा उत्तरेकडून फिरला. तंबूची भिंत माझ्या तोंडावर येऊन पडली, अक्षरशः गालाला चिकटली, आणि परत उठेना. नवरा बाहेर जाऊन खुंट्या ठोकायला लागला, तर वाळूत खुंटी धरेना. ठोकली की दोरीबरोबर वर यायची. शेवटी चार पाण्याचे कॅन कोपऱ्यांत ठेवले आणि दोन्ही मुलांना गाडीत निजवलं. सकाळी डाळीचं झाकण काढलं तर आत बारीक वाळूचा थर, वरून जिरं पेरल्यासारखा. दुपारी वारा दक्षिणेकडून सुटला, म्हटलं चला, ऊब आली. ऊब आली ती माश्या घेऊन. स्टेबल फ्लाय म्हणतात त्यांना, दिसायला घरमाशीसारख्याच, पण घोट्यावर बसून कडकडून चावतात, पायमोज्यातूनसुद्धा. दक्षिणेचा वारा त्यांना जंगलाकडून किनाऱ्यावर लोटत आणतो, आणि डासांच्या मलमाला त्या फारशा जुमानत नाहीत. मुलं पाण्यात पळाली. पाण्यातून किंचाळत परत आली.

कारण ते पाणी. सुपीरिअरच्या नावात लेक असली तरी स्वभाव सासूचा आहे. जास्तीत जास्त खोली ४०६ मीटर, पृष्ठभाग सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर. एवढं पाणी एका उन्हाळ्यात तापत नाही. उथळ खाडीत ऑगस्टमध्ये चार दिवस छान डुंबता येतं, आणि पाचव्या दिवशी वारा वरचं कोमट पाणी आत ढकलतो, खालचं गार पाणी काठावर येतं. काल पोहलो म्हणून आज पोहता येईलच असं नाही. गार पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा पहिलं मिनिटभर श्वासच ताब्यात राहत नाही, आणि पुढच्या दहा मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. पोहता येणं न येणं तिथे दुय्यम असतं. भाड्याच्या छोट्या कयाकमधून ‘जरा कड्यांपर्यंत जाऊन येऊ’ हा विचारसुद्धा मनात आणू नका. जायचंच तर मोठ्या सी-कयाकमधून, वाटाड्यासोबत, आणि अकरा वर्षांच्या मुलाला घेता येईल का ते त्यांनाच विचारून.

म्हणून माझा नियम एका ओळीचा झालाय: मोठ्या तळ्याकाठी फिरा, छोट्या तळ्याकाठी राहा. हायवाथात आतल्या बाजूला लहान लहान तळी शेकड्याने आहेत. तिथे झाडांचा आडोसा असतो, वारा अंगावर येत नाही, माती खुंटी धरते, आणि पाणी ऑगस्टमध्ये आपल्या पोहण्याच्या तलावासारखं असतं. मुलं सकाळी एकदा पाण्यात गेली की जेवायलाच बाहेर येतात. सुपीरिअरला दिवसा जायचं, डोळे भरून बघायचं, पाय बुडवायचे, आणि वारा फिरला की गाडीत बसून घरी, म्हणजे तंबूत, परतायचं.

नावं विचारलीत तर: मुनिसिंगच्या दक्षिणेला एच-१३ रस्त्याच्या बाजूचं पीट्स लेक, किंवा पश्चिमेकडचं ओ ट्रेन लेक. लहान मुलांसाठी मी पीट्स लेकला झुकते. ओ ट्रेनचा फायदा असा, की तळ्यातून निघणारी ओ ट्रेन नदी संथपणे वळणं घेत सुपीरिअरला मिळते, आणि तिच्यात कनू, म्हणजे वल्ह्याची उघडी होडी, चालवायला अनुभव लागत नाही. लाइफजॅकेट मात्र सगळ्यांनी घालायचं, मोठ्यांनीही, बुडाखाली घेऊन बसायचं नाही. ख्रिसमस नावाच्या गावाजवळचं बे फर्नेस हे सुपीरिअरच्या काठावरचं कॅम्पग्राउंड फोटोत सगळ्यांना आवडतं. तिथे १८७० च्या दशकातल्या लोखंडाच्या भट्टीचे अवशेष आहेत. ते बघायला दुपारी जा.

यातल्या बहुतेक ठिकाणी वीज नाही, अंघोळीची सोय नाही. पाणी हातपंपाचं किंवा सार्वजनिक नळाचं, आणि संडास व्हॉल्ट टॉयलेट, म्हणजे खाली टाकी असलेला, फ्लश नसलेला. हे आजी-आजोबांना निघायच्या आधी सांगा, तिथे गेल्यावर नको. आमच्या एका मैत्रिणीच्या सासूबाई तीन दिवस कमी पाणी पीत राहिल्या, रात्री उठायला लागू नये म्हणून. आम्हाला कळलं ते त्यांना चक्कर आल्यावर. तेव्हापासून मी संडासाच्या सगळ्यात जवळची जागा घेत नाही (वास आणि दाराचा धाडधाड आवाज), पण दोन-तीन जागा सोडूनची घेते, वाट सपाट आहे ना ते बघते, आणि प्रत्येक ज्येष्ठ माणसाच्या उशाशी कपाळावर बांधायचा दिवा आणि टमरेलाच्या जागी झाकणाची बाटली ठेवते.

तरीही त्यांना चारही रात्री तंबूत झोपवायचं का, हे त्यांच्या गुडघ्यांवर आहे. जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का, हे घरी करून बघा. येत असेल तर घडीची खाट घ्या, हवेची गादी नको. पहाटे तिच्यातली हवा गार होते आणि पाठ धरते. येत नसेल तर सरळ मुनिसिंगमध्ये एक मोटेल घ्या. सकाळी त्यांना आणायचं, रात्रीच्या शेकोटीनंतर सोडायचं. यात कमीपणा काही नाही, उलट नऊ जणांच्या अंघोळीचा प्रश्न सुटतो. एक कुटुंब एक रात्र तिकडे, दुसरं दुसऱ्या रात्री, असंही आम्ही केलंय. आणि त्यांचा प्रवासी विमा, औषधांची यादी गाडीच्या कप्प्यात ठेवा. मुनिसिंगमध्ये छोटं इस्पितळ आहे. मोठं मार्केटला, चाळीस-पंचेचाळीस मैलांवर. मार्केट हे शहराचं नाव आहे, बाजार नव्हे. आमच्यात दर वर्षी कोणीतरी भाजी आणायची यादी पुढे करतंच.

स्वयंपाकाचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपली पंचाईत तिथेच होते. जंगलात काळी अस्वलं आहेत. ती तुम्हाला घाबरतात, पण फोडणीला घाबरत नाहीत. खाण्याचं सगळं, म्हणजे बर्फ घातलेली कूलरची पेटी, मसाल्याचा डबा, चिवड्याची पिशवी, टूथपेस्ट आणि मुलांच्या खिशातल्या गोळ्यासुद्धा रात्री गाडीत कुलूपबंद. तंबूत एक बिस्किटही नको. स्वयंपाक तंबूपासून लांब, आणि ज्या कपड्यांत कांदा परतला ते घालून झोपायचं नाही. घरूनच पोह्यांचा, उपम्याचा कोरडा मसाला परतून न्या, कणीक तिंबून न नेता ठेपले न्या, आमटीसाठी डाळ शिजवून गोठवून न्या; ती कूलरमध्ये बर्फाचंही काम करते आणि दुसऱ्या दिवशी वितळून पानात येते. कुकर न्यायचा असेल तर न्या, पण सकाळी सहाला शिट्टी वाजली की आजूबाजूचे दहा तंबू जागे होतात. आमच्या कुकरचं तिथे नाव पडलंय, ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरकटं पाणी गाळून पाण्यापासून दूर ओतायचं, तळ्यात भांडी विसळायची नाहीत. आजींना तळ्याची ओटी भरावीशी वाटली तर मनोभावे भरू द्या, आणि नारळ-फुलं परत पिशवीत घ्या.

लाकूड घरून नेऊ नका. एमराल्ड ॲश बोरर हा पाचूसारखा हिरवा किडा २००२ मध्ये आपल्याच डेट्रॉइटच्या परिसरात पहिल्यांदा सापडला आणि त्याने कोट्यवधी ॲश वृक्ष मारले. तो दूरदूर पोचला तो लोकांच्या गाडीतल्या सरपणातून. तिथल्या दुकानातून जुडी विकत घ्या किंवा जमिनीवर पडलेली सुकी काटकी वेचा, उभ्या झाडाला हात नको. विझवताना पाणी ओतून काठीने ढवळा, परत ओता, हात धरून बघा.

तिथे पोचायचं कसं, तर रस्ता सरळ आहे, सुमारे चारशे मैल. मध्ये मॅकिनॉ पूल, १९५७ साली खुला झालेला, पाच मैल लांब. आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे, टायर गुणगुणतात आणि खाली पाणी दिसतं. आजींना घेऊन बाहेरच्या लेननेच जा. पूल ओलांडायची भीती वाटणाऱ्यांसाठी पुलाचा माणूस येऊन तुमची गाडी पलीकडे नेऊन देतो, आधी फोन करायचा. पलीकडे गेल्यावर पेस्टी खा. कॉर्निश खाणकामगारांनी आणलेली ही आपल्या करंजीची थोरली, तिखट बहीण; भाजीची पण मिळते. पुढे सेनी ते शिंगल्टन हा पंचवीस मैलांचा सरळसोट पट्टा आहे, चालकाला झोप येते आणि तिन्हीसांजेला हरणं आडवी येतात. तेव्हा पहाटे निघा, दुपारी तीनपर्यंत पोचा. तंबू उजेडात लावायचा असतो. पहिल्यांदा लावणाऱ्यांनी तर दोनदा: एकदा घरी, एकदा तिथे.

मुनिसिंग सोडलं की फोनचा भरवसा नाही. नकाशे आधी उतरवून घ्या, आणि फॉरेस्टचा कोणत्या रस्त्यावर गाडी न्यायची परवानगी आहे ते दाखवणारा नकाशाही घ्या. फोन जवळचा रस्ता म्हणून जो दाखवतो तो कधीकधी वाळूतल्या दोन चाकोऱ्या असतात, आणि मिनिव्हॅन त्यात रुतते. कोणाची रुतली ते विचारू नका.

दिवस कसे भरायचे याची काळजी तुम्ही उगाच करताय. रोज एक गोष्ट ठरवा, दोन नको. वारा शांत असेल त्या दिवशी मुनिसिंगहून बोट: साधारण अडीच तासांची फेरी, आजी-आजोबांना बसल्या जागी दोनशे फुटांपर्यंतचे वाळूच्या दगडाचे कडे दिसतात. त्यांवरून झिरपणारं पाणी खनिजं आणतं, लोखंडाने तांबडे-नारिंगी पट्टे, तांब्याने हिरवे-निळे, मँगनीजने काळे. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन पडतं तेव्हा ते उजळतात, म्हणून उशिराची फेरी घ्या आणि ऑगस्टमध्येही स्वेटर. एक दिवस किच-इटी-किपी, तासाभराच्या अंतरावरचा झरा: चाळीस फूट खोल, बारा महिने सात अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि तळाची वाळू उकळत्या दुधासारखी हलताना वरून दिसते. तराफा आपणच चाक फिरवून ओढायचा असतो. तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला तिथून हलवणं कठीण जाईल. मुनिसिंग फॉल्स आणि वॅग्नर फॉल्स दोन्ही जवळ, वाट छोटी, जिना चढायचा नसेल तर खालूनच बघा. उरलेले दिवस तळ्यावर. मोठ्या मुलाला आणि तुम्हा चौघांपैकी दोघांना दमायचं असेल तर फेरीबोटीने मुनिसिंगसमोरच्या ग्रँड आयलंड बेटावर जाऊन सायकल चालवा, बाकीचे मागे थांबतील.

थोडक्यात माझ्या मते: मधल्या वारांच्या चार रात्री, ऑगस्टचा मध्य, आतल्या तळ्यावर शेजारच्या दोन जागा, आजी-आजोबांना गरज असेल तर गावात खोली. आज संध्याकाळीच संकेतस्थळावर बसा.

एक विचारायचं राहिलं. आजोबा इन्सुलिन घेतात का? घेत असतील तर ती बाटली कूलरमध्ये बर्फाला लागून ठेवू नका, गोठली की फुकट जाते. आमच्याकडे एकदा तसं झालं आणि रविवारी दुपारी औषधाच्या दुकानासाठी मार्केट गाठावं लागलं. टॉवेलमध्ये गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवा, नाहीतर गावात खोली घेण्याचं ते आणखी एक कारण समजा: तिथे फ्रिज असतो.